ऐक्य सप्ताहाच्या उपासनेला पहिल्यांदा जाताना

संक्रांतीचा तिळगूळ संपता संपता चर्चच्या फलकावर एक झेरॉक्स चिकटवलेली दिसते. ‘ख्रिस्ती ऐक्य प्रार्थना सप्ताह, १८ ते २५ जानेवारी. सर्वांना अगत्याचं आमंत्रण.’ खाली दिवसवार चर्चची नावं, वेळ संध्याकाळी साडेसहा आणि शेवटी ‘उपासनेनंतर चहापान’. बहुतेक जण वाचतात आणि पुढे जातात. इच्छा नसते असं नाही, पण दुसऱ्यांच्या चर्चमध्ये जाऊन करायचं काय, ही धास्ती असते. उठायचं कधी, गुडघे टेकायचे कधी, भाकर घ्यायची की नाही, आपल्याला क्रूसाची खूण करता आली नाही तर लोक बघतील का?

माझं माहेर प्रॉटेस्टंट, सासर कॅथलिक. लग्नानंतरच्या पहिल्या जानेवारीत सासूबाई म्हणाल्या, “चल गं, तुझ्याकडच्यांची नि आमच्याकडच्यांची एकत्र प्रार्थना आहे.” मी गेले आणि पहिल्याच दहा मिनिटांत चुकीच्या वेळी उभी राहिले. एकटीच. तेव्हापासून बहुतेक वर्षी जाते, आणि आता नव्याने येणाऱ्यांना शेजारी बसवून घेते. त्यांना जे कानात सांगते तेच इथे लिहिते आहे. ख्रिस्ती नसलेल्या मित्रमंडळींनाही यातलं जवळजवळ सगळं लागू आहे.

मुळात ही वेगवेगळी चर्च आली कुठून

एवढं समजून घेतलं की अर्धी भीती जाते. महाराष्ट्रात कोण कुठल्या चर्चचा, हे बहुतेकदा धर्मशास्त्राने ठरलेलं नाही. गावात पहिल्यांदा कोणत्या मिशनची बैलगाडी पोहोचली, यावर ठरलं. वसईचे कॅथलिक पोर्तुगीज काळापासूनचे. नागपूरकडे स्कॉटिश मिशन, कोल्हापूरकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन. नगरला १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशन, आणि पुढे त्याच जिल्ह्यात अँग्लिकन, मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) आणि कॅथलिकांचे जेझुइट फादरही आले. त्यामुळे नगर जिल्ह्यात एकाच भावकीतलं एक घर मिशनचं, दुसरं कॅथलिक, तिसरं मुक्तिफौजेचं, असं सर्रास सापडतं. आडनाव एक, शेताचा बांध एक, पण रविवारी तोंडं तीन दिशांना. ऐक्याच्या उपासनेला गेल्यावर मला आधी हे भावकीचं चित्र दिसतं, सिद्धान्तबिद्धान्त नंतर.

जोडण्याचे प्रयत्नही इथे बरेच झालेत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च-परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट वगैरे प्रॉटेस्टंट मंडळींनी जुनी नावं सोडली. अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिले, म्हणून मेथॉडिस्ट चर्चची पाटी आजही वेगळी दिसते. त्याच्याही आधी, १९१७ साली, ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी ‘देवाचा दरबार’ नावाची भक्तमंडळी काढली होती, जिच्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेलेही येऊ शकत.

सप्ताहाची तारीख १९०८ सालची आहे. अमेरिकेत पॉल वॉटसन या तेव्हाच्या अँग्लिकन धर्मगुरूने तो सुरू केला आणि पुढच्याच वर्षी तो स्वतः कॅथलिक झाला. १८ जानेवारी हा तेव्हाच्या पंचांगात पेत्राच्या आसनाचा सण, २५ ला पौलाच्या परिवर्तनाचा. म्हणजे पेत्र आणि पौल या दोन प्रेषितांच्या मधले आठ दिवस. १९६८ पासून व्हॅटिकन आणि जागतिक चर्च परिषद मिळून तयार केलेलं उपासनेचं साहित्य वापरात आहे. दर वर्षी एखाद्या देशातले ख्रिस्ती लोक पहिला मसुदा लिहितात. २०१३ साली हा मान भारताच्या विद्यार्थी ख्रिस्ती चळवळीला मिळाला होता. त्यांनी बायबलमधल्या मीखा संदेष्ट्याचा सहावा अध्याय घेतला, परमेश्वर तुझ्याकडून काय मागतो हा प्रश्न असलेला, आणि दलित ख्रिस्ती लोकांचं दुःख मध्यभागी ठेवलं. ऐक्य म्हणजे फक्त दोन बिशप शेजारी बसून फोटो काढणं नव्हे, हे त्या वर्षी निदान कागदावर तरी स्पष्ट झालं. आपल्याकडे जातीचा विषय निघाला की सभागृहात खोकला वाढतो, हेही खरं.

कोणत्या दिवशी जायचं

आठही दिवस जायची गरज नाही. साधारणपणे रोज वेगळ्या चर्चमध्ये उपासना असते आणि एखाद्या संध्याकाळी, बहुतेकदा शेवटच्या, सगळ्यांची मिळून मोठी. छोट्या गावात सगळा सप्ताह एकाच संध्याकाळी उरकतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने मोठ्या दिवशी जावं, कारण त्या दिवशी निम्मे लोक पाहुणेच असतात आणि तुमचं अडखळणं कुणाच्या लक्षात येत नाही. मधल्या दिवशी तीस-चाळीस माणसं असतात; तिथे ओळखी जास्त होतात, पण नवखेपणही उठून दिसतं.

एक गोष्ट आधी तपासा. हल्ली ‘एकता महोत्सव’, ‘महाएकता सभा’ अशा नावांचे मोठाले फ्लेक्स लागतात. त्यावर एकाच पास्टरांचा फोटो असेल, माइकमागे, हात वर केलेला, तर ती त्यांची सभा आहे. जायला हरकत नाही, पण आपण ज्याबद्दल बोलतो आहोत ती ही नव्हे. ऐक्याच्या उपासनेचं निमंत्रण निदान दोन-तीन वेगळ्या परंपरांच्या नावाने निघतं: फादर, पाळक, मुक्तिफौजेचे अधिकारी. पत्रकाचा तळ वाचा.

जानेवारी हुकला तर मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन असतो. तो बायका चालवतात, आणि खरं सांगायचं तर कितीतरी नीटनेटका चालवतात. काही शहरांत झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, एकत्र मिरवणूक निघते. त्यात सामील होणं सगळ्यांत सोपं, नुसतं चालायचं असतं.

एक फोन करा

आदल्या दिवशी यजमान चर्चच्या ऑफिसात फोन करून तीन गोष्टी विचारा. उपासना कोणत्या भाषेत? पुण्या-मुंबईत मराठी, इंग्रजी, हिंदी आणि मल्याळी मंडळ्या एकत्र येतात, तेव्हा एक वाचन मल्याळममध्ये झालं तर गोंधळू नका. प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि प्याला घेण्याचा विधी) किंवा मिस्सा (हाच विधी असलेली कॅथलिक उपासना) आहे का? आणि चपला बाहेर काढायच्या का? गावाकडच्या बऱ्याच चर्चमध्ये आणि सिरियन परंपरेच्या चर्चमध्ये काढतात, शहरातल्या बाकांच्या चर्चमध्ये सहसा नाही. हा तिसरा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण फाटका मोजा घालून आलेल्या माणसाला विचारा.

फादरांना ‘फादर’च म्हणायचं. प्रॉटेस्टंटांकडे ‘पाळकसाहेब’ किंवा ‘पास्टर’. पाळक बाई असू शकतात. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रियांना दीक्षा मिळते, तेव्हा त्यांना ‘पाळकसाहेबांच्या मिसेस’ समजू नका. मी एकदा समजले होते.

निघताना

कपडे नेहमीचे, अंगभर असलेले. लग्नाला चाललो आहोत असे नकोत. गावाकडे बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला बसतात आणि प्रार्थनेच्या वेळी पदर किंवा ओढणी डोक्यावर येते. म्हणून बरोबर ओढणी असलेली बरी. शहरात कुणी विचारत नाही.

बायबल नेलं तर चांगलं, नाही नेलं तर छापील उपासनाक्रम दारातच हातात देतात. नेलंत आणि शेजारच्या कॅथलिक काकूंच्या बायबलमध्ये तुमच्यापेक्षा जास्त पुस्तकं दिसली तर दचकू नका: प्रॉटेस्टंट बायबलात ६६, कॅथलिक बायबलात ७३. दानासाठी दहा-वीसच्या एक-दोन नोटा वरच्या खिशात ठेवा. थैली समोर आल्यावर पर्सच्या तळाशी हात घालून खुडबुड करणारी माणसं प्रत्येक संप्रदायात असतात.

पंधरा मिनिटं आधी पोहोचा. मागच्या बाकांवर बसायचा मोह होतो. तिथे न बसता मधल्या रांगेत, ज्यांना क्रम माहीत आहे असे वाटणाऱ्या एखाद्या आजींच्या मागे बसा. त्या उठल्या की उठायचं, बसल्या की बसायचं. हा माझा सगळ्यांत भरवशाचा सल्ला आहे.

दारातून आत

दारात कुणी ‘जय ख्रिस्त’ म्हणेल, जुनी प्रॉटेस्टंट माणसं ‘सलाम’ म्हणतील, पेन्टेकोस्टल मित्र ‘प्रेज द लॉर्ड’. जे ऐकाल तेच परत म्हटलंत तरी चालतं, आणि साधा नमस्कार कुठेही चालतो.

यजमान कॅथलिक असतील तर दाराजवळ पवित्र पाण्याचं भांडं असतं. लोक त्यात बोटं बुडवून क्रूसाची खूण करतात, बाकाशी येऊन एक गुडघा टेकतात. तुमची ती पद्धत नसेल तर सरळ जाऊन बसा. न येणारी खूण करायची धडपड करू नका; अर्धवट केलेली खूण डास मारल्यासारखी दिसते. उलट, कॅथलिक माणूस प्रॉटेस्टंट चर्चमध्ये गेला तर त्याला वेदीवर पुतळे दिसणार नाहीत आणि टेकायला गुडघेपाटही बहुतेकदा नसेल. तिथे बसल्या जागी डोकं खाली घालून प्रार्थना करतात.

उपासना सुरू झाल्यावर

साधारण सव्वा ते दीड तास. स्वागत, गीत, पापांगीकार, दोन-तीन वाचनं, उपदेश, मध्यस्थीच्या प्रार्थना, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, दान, आशीर्वचन. उपदेश शक्यतो यजमानांनी करायचा नसतो. कॅथलिक चर्चमध्ये पाळक बोलतात, प्रॉटेस्टंट चर्चमध्ये फादर. पाहुणे वक्ते जरा सांभाळून बोलतात, त्यामुळे उपदेश कधीकधी फारच गुळमुळीत होतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायातलं ‘त्या सर्वांनी एक व्हावे’ हे वचन त्या संध्याकाळी निदान चार वेळा ऐकायची तयारी ठेवा.

गाण्यांची गंमत वेगळी. शब्द दोन्हीकडे माहीत, पण चाल वेगळी असू शकते. एका वर्षी पेटीवाल्याने एक सूर धरला, अर्ध्या चर्चने भजनी ठेक्यात सुरुवात केली आणि उरलेल्यांनी संथ, लांबवलेल्या चालीत. पहिलं कडवं दोन नद्यांसारखं वाहत राहिलं. दुसऱ्या कडव्याआधी तबलजीने मान वर करून नुसतं हसून पाहिलं, आणि ठेका जिंकला. अशा वेळी गाणं थांबवू नका. हळू आवाजात बहुसंख्यांबरोबर जा.

विश्वासांगीकारात, म्हणजे आपली श्रद्धा सांगणाऱ्या ठरलेल्या पाठात, इंग्रजीत ‘कॅथलिक’ शब्द आला की प्रॉटेस्टंट नवखे अडतात. मराठीत तिथे ‘सार्वत्रिक’ येतो, अर्थ तोच, सगळ्या जगाची मंडळी. निश्चिंत म्हणा. ख्रिस्ती नसाल तर फक्त उभे राहा. कुणी तुमचे ओठ पाहत नाही.

आता ज्याच्यासाठी मी दर वर्षी जाते तो क्षण: प्रभूची प्रार्थना. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ इथून सगळे एकदम सुरू करतात. मराठी भाषांतरं वेगळी असल्याने मध्ये एखादा शब्द घासतो, कुणी पुढे जातं, कुणी मागे राहतं. मग ‘वाइटापासून सोडव’ येतं आणि तिथे कॅथलिक बाजू गप्प होते, कारण मिस्सामध्ये इथे लोक थांबतात, फादर एक प्रार्थना म्हणतात आणि त्यानंतर पुढचं येतं. प्रॉटेस्टंट मात्र सवयीने न थांबता ‘कारण राज्य, सामर्थ्य आणि गौरव’ म्हणत सुटतात. दोन सेकंद अर्धं चर्च बोलतं, अर्धं ऐकतं. मग ‘सर्वकाळ’पाशी थांबलेले लोक सामील होतात आणि ‘आमेन’ एकाच वेळी पडतं. चारशे-पाचशे वर्षांची फारकत त्या दोन सेकंदांत ऐकू येते. सासूबाई पहिल्या वर्षी थांबल्या होत्या, मी सुटले होते. आता मी थांबते आणि त्या सुटतात, कशासाठी ते आम्ही एकमेकींना विचारलेलं नाही.

तुम्ही काय करायचं? तुमच्या सवयीप्रमाणे. फक्त कान उघडे ठेवा.

शांतीच्या अभिवादनाच्या वेळी आजूबाजूच्यांना हात जोडून ‘शांती असो’ म्हणायचं. तीन-चार जणांना पुरे. चर्चभर फिरायचं नाही.

भाकर आणि प्याला

बहुतेक ऐक्य-उपासनांमध्ये प्रभुभोजन ठेवतच नाहीत, आणि त्याला कारण आहे. कॅथलिक नियमानुसार, अपवाद सोडले तर, इतर संप्रदायांच्या लोकांना मिस्सामध्ये ख्रिस्तप्रसाद देत नाहीत, आणि कॅथलिकांनी प्रॉटेस्टंट प्रभुभोजनात भाग घ्यायचा नसतो. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे इतर चर्चमधल्या, प्रभुभोजन घेणाऱ्या सभासदांना सहसा मोकळीक असते. मुक्तिफौजेत तर बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे विधीच पाळत नाहीत. म्हणून सगळ्यांना जमेल अशी वचनाची उपासना घेतात.

तरी मिस्सा असलीच आणि तुम्ही कॅथलिक नसाल तर बाकावर बसून राहा. कुठे कुठे रांगेत जाऊन हात छातीवर आडवे ठेवले की फादर नुसता आशीर्वाद देतात. पण तसं इथे चालतं का, ते आधी विचारा. रांगेत गेल्यावर फादरांना पेचात टाकू नका. नकार मिळाला म्हणून रागावलेली माणसं मी पाहिली आहेत. राग समजतो. हे दुखणं खरंच आहे, आणि सप्ताह मुळात त्या दुखण्यासाठीच आहे. ते एका संध्याकाळी आपल्या हट्टाने बरं होत नाही.

दानाचं मात्र सोपं. थैली आली की इच्छा असेल तेवढं टाका, नसेल तर पुढे द्या.

चहाला थांबाच

आशीर्वचन झालं की निम्मी माणसं स्कूटर काढायला धावतात. तुम्ही धावू नका. उपासनेत सगळे आपापल्या चर्चच्या घोळक्यातच बसलेले असतात. खरी सरमिसळ होते ती आवारात, स्टीलच्या पिंपाभोवती.

पुण्यात चहाला तर इतिहास आहे. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आणि शहरातली बरीच प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली, समोर चहा-बिस्किटं आली आणि त्यावरून एवढा गदारोळ उठला की प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्ताचा वाद पेटला. त्याच आवारातलं पवित्र नाम देवालय आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या पुणे धर्मप्रांताचं कॅथीड्रल आहे. कागदी कपातल्या गोड चहासाठी आता कुणी प्रायश्चित्त घेत नाही; मधुमेहवाले सोडून.

बोलायला सुरुवात ‘तुम्ही कुठल्या चर्चचे?’ अशी करण्यापेक्षा ‘मूळ गाव कुठलं?’ अशी करा. राहुरी, संगमनेर, जालना, असं काही नाव येतं आणि तिसऱ्या वाक्यात कुणाची तरी आत्या निघतेच. बिगरख्रिस्ती असाल तर लोक कौतुकाने दोन बिस्किटं जास्त देतील. इथे तुम्ही पाहुणे आहात, उमेदवार नाही. कुणी नाव-नंबर लिहून घेऊ लागलं आणि तुम्हाला द्यायचा नसेल तर ‘नको’ म्हटलेलं चालतं.

काही विषय चहाच्या कपाबरोबर काढू नयेत: बाप्तिस्मा शिंपडून की बुडवून, मरियेला किती मान, आणि प्रार्थनेत आत्म्याच्या प्रेरणेने ‘अन्य भाषांत’ बोलणं खरं की नाही. वाईट विषय नाहीत, पण ते उभ्याने होत नाहीत. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे दुसऱ्याच्या आवारात उभं राहून ‘एकदा आमच्या चर्चला येऊन बघा, मग कळेल’ असं सुरू करणं. याला आमच्याकडे मेंढरं पळवणं म्हणतात. एका वर्षी एका सद्गृहस्थांनी चहाच्या रांगेतच आपली कार्डं वाटली; पुढच्या वर्षी बोलावणी गेली तेव्हा त्यांचं नाव यादीत नव्हतं.

फोटो काढायचे तर उपासनेनंतर, आणि माणसांना विचारून. कुणी कोणत्या चर्चमध्ये दिसलं, हे घरी-दारी अजूनही सगळ्यांना परवडतं असं नाही.

त्यानंतर

निघण्याआधी उद्याची उपासना कुठे आहे ते विचारून ठेवा. चहाच्या वेळी भेटलेली माणसं दुसऱ्या दिवशी हमखास दिसतात, आणि दुसरी संध्याकाळ पहिलीपेक्षा खूप सोपी जाते. आपल्या चर्चमध्ये अशी उपासना होत नसेल तर पाळकांशी किंवा फादरांशी बोला, पण जानेवारीत नव्हे. डिसेंबरात नाताळामुळे कुणाला श्वास घ्यायला वेळ नसतो, तेव्हा विषय नोव्हेंबरातच काढावा लागतो. ते बहुधा म्हणतील, “करू की, पण जबाबदारी कोण घेणार?” तेव्हा उपदेश कोण करेल याची काळजी करू नका, त्याला माणसं मिळतात. तुम्ही एवढंच सांगा, की पिंप, दूध आणि दोनशे कप मी बघते.